तेजूच्या वर्तुळातलं प्रश्नचिन्ह

चाल

कल्याणच्या ज्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं लोकांचं रक्त काढलं, तिथे एका सकाळी एका आजोबांनी माझी तक्रार केली. काउंटरवर जाऊन हळूच म्हणाले, "आतल्या बाई पिऊन आल्यात."

त्यांची चूक नव्हती. त्यांची शीर मला पहिल्याच खेपेला मिळालेली. पण ट्यूब घेऊन मी मशीनकडे निघाले, तेव्हा मधल्या चार पावलांत दोनदा भिंतीला टेकले. लॅबच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि बोलता बोलता माझ्या तोंडाजवळ वाकल्या. वास घेत होत्या. एकोणीस वर्षं एका ठिकाणी काम केल्यावर ते फार लागलं. मी काहीच बोलले नाही. बोलले असते तरी जीभ जड पडली असती, आणि त्यांचा संशय पक्काच झाला असता.

खरं सांगायचं तर मला त्याआधी वर्षभर कळत होतं. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगचे जिने उतरताना कठडा सोडवत नव्हता. चहाचा कप ओठांपर्यंत येईतो अर्धा बशीत. आणि मला ती चाल ओळखीची होती. माझी आई शेवटची दहा वर्षं अशीच चालायची, पाय फाकवून, होडीत उभं राहिल्यासारखी. महाडकडच्या आमच्या गावात कुणी म्हणे वारं गेलंय, कुणी म्हणे कुणीतरी करणी केलीय. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, पाण्याला गेली आणि विहिरीत पडली. लोक म्हणाले, उडी मारली. आई मरेपर्यंत सांगत होती, "अगं, ती पडली. तिला पाय सावरता येत नव्हते." कुणी ऐकलं नाही.

मी ऐकलं होतं. पण लक्षात ठेवायचं नव्हतं.

निदान

ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये मला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हॉस्पिटलचं आणि डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. मी त्यांना सर म्हणायचे, इथेही तसंच म्हणते.

सरांनी मला खोलीत सरळ रेषेत चालायला लावलं. बोट नाकाला, मग त्यांच्या बोटाला लावायला सांगितलं. "सत्तावीस" हा शब्द दहा वेळा म्हणायला लावला. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि विचारलं, "ताई, तुमच्या घरात अजून कोणाची चाल अशी होती?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हा प्रश्न बरोबर विचारला. मी बोलत गेले आणि ते चित्र काढत गेले. बाईला वर्तुळ, पुरुषाला चौकोन. आजारी असेल तर आतून काळं भरायचं. आजी काळी, आई काळी, मावशी काळी. मावशीच्या वर्तुळाखाली त्यांनी लहान अक्षरांत लिहिलं, विहिरीत पडून. "उडी नव्हती ही," ते म्हणाले, "या आजारात तोल जातो. त्यांचा तोल गेला."

मी रडले. माझ्या आईचं म्हणणं एका एवढ्या मोठ्या माणसाने खरं मानलं होतं. तेव्हापासून हे डॉक्टर माझ्यासाठी डॉक्टरपेक्षा मोठे झाले. हे लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

खाली माझं वर्तुळ होतं, बाणाने दाखवलेलं. माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा चौकोन रिकामा, कारण तो साठीला आला तरी ठणठणीत आहे. आणि माझ्या वर्तुळाखाली एकच वर्तुळ. माझी मुलगी. मी तिला इथे तेजू म्हणते, खरं नाव वेगळं आहे. सरांनी त्या वर्तुळात प्रश्नचिन्ह काढलं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे माहीत नाही. निम्मी शक्यता असते. असेल किंवा नसेल."

माझ्या रक्ताचा रिपोर्ट पाच आठवड्यांनी आला. आईचाच आजार. बरा होत नाही, हळूहळू वाढतो, जीव लगेच जात नाही. मिस्टर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत, बिघाड म्हटला की दुरुस्ती असणारच असं त्यांना वाटतं. त्यांनी तीनदा विचारलं, "पण औषध काय?" सरांनी तिन्ही वेळा न चिडता सांगितलं, "व्यायाम."

वॉर्ड

पहिल्यांदा तीन दिवस ॲडमिट होते. सकाळी सहाला चादर बदलायची, सातला चहा, आठला सुई. दुसऱ्या बाजूने सुई बघणं काय असतं ते कळलं. मी पेशंटांना कायम म्हणायचे, "मुंगी चावेल एवढंच." मुंगी बिंगी काही नाही, दुखतं.

फिजिओच्या मॅडम मला फरशीच्या रेघेवरून चालवायच्या आणि लांब 'आ' म्हणायला लावायच्या. किती सेकंद आवाज टिकतो ते मोजायच्या. वॉर्डातल्या आयाबाई मला बाथरूमला नेताना म्हणायच्या, "टाका भार माझ्यावर, मी पडत नसते. मला पाडायला दोन माणसं लागतात." त्या तीन दिवसांत मी हसले असेन तर त्यांच्यामुळे.

भीती मात्र वेगळीच होती. तेजू संध्याकाळी ऑफिसमधून थेट यायची, बेडच्या कडेला बसायची आणि माझे पाय बघत राहायची. ती माझे पाय बघत नव्हती, हे मला कळायचं.

एकदा तिने न विचारताच सांगितलं, "आई, मी ठरवलंय. मला टेस्ट नाही करायची. मला नाही जाणून घ्यायचं."

"का गं?"

"कळलं आणि असलं, तर मी आत्तापासून आजारी. कळलं आणि नसलं, तर तुझ्याकडे बघताना मला लाज वाटेल. मला अशीच राहू दे."

चोवीस वर्षांची मुलगी. मला तिचा अभिमान वाटला. आणि तरीही चार महिन्यांनी मी जे केलं ते केलं.

जांभळ्या झाकणाची ट्यूब

सरांचा आमच्यासारख्या घराण्यांवर अभ्यास चाललेला. त्यांना आजारी माणसांसोबत त्यांच्या निरोगी नातेवाइकांचंही रक्त हवं होतं, तुलनेसाठी. दादाने लगेच दिलं. तेजूचं राहिलेलं.

"सर, तिला निकाल नकोय," मी म्हटलं.

"मग देणारच नाही ना. ताई, यात नाव नसतं, नंबर असतो. तुम्ही स्वतः लॅबमधल्या आहात. तुम्हाला मी काय सांगायचं?"

हे वाक्य मला फार गोड लागलं. पायांमुळे मला तोवर लॅबमध्ये सुई सोडून काउंटरला बसवलेलं. कुणीतरी मला अजून लॅबमधली म्हणत होतं.

मी तेजूच्या मागे लागले. एकदा नाही, महिनाभर. सरांनी आपल्यासाठी एवढं केलं. उद्या या अभ्यासातून औषध निघालं तर? नंबर असतो गं, नाव नसतं. मी एकोणीस वर्षं हेच करतेय, मला माहितीये. शेवटी ती वैतागून म्हणाली, "तू जबाबदारी घेतेस?"

"घेते," मी म्हटलं.

हॉस्पिटलच्या खोलीत तिने फॉर्म दोनदा वाचला. इंग्रजीत होता, सहा पानी. मी माझ्या फॉर्मवर न वाचताच सही केलेली. एका ओळीसमोर चौकट होती, मला माझा निकाल कळवू नये. तिने तिथे खूण केली आणि त्या ओळीखाली पेनाने दोन रेघा मारल्या. सिस्टरने रक्त काढलं. जांभळ्या झाकणाची ट्यूब होती, डीएनएसाठी तीच लागते. सिस्टर दुसरीकडे वळलेली म्हणून नंबराचं स्टिकर मी स्वतः लावलं. सवयीने ट्यूब हळूच आठ वेळा खालीवर केली. हात बरे चालत होते त्या दिवशी.

मेळावा

वर्तकनगरच्या एका हॉलमध्ये सरांच्या संस्थेने पेशंट आणि नातेवाइकांचा मेळावा ठेवला. साठ-सत्तर माणसं असतील. काही व्हीलचेअरवर, काही माझ्यासारखी कुणाच्या तरी दंडाला धरून. मी तेजूला धरून गेलेले. दादा तिथून दोन गल्ल्यांवर राहतो, तोही आलेला आणि आमच्या मागच्या रांगेत बसलेला. आत शिरताना सर दारात भेटले. तेजूला म्हणाले, "अरे वा, आईला घेऊन आलीस. शाब्बास."

बरं वाटलं तिथे. इतकी माणसं एकत्र, आणि कुणीच पिऊन आलंय असं कुणाला वाटत नाही. चहा अर्ध्या कपातच देत होते, सांडू नये म्हणून. कुणीतरी हा विचार केलेला.

मग सरांचं भाषण. पिढीजात आजार कसा उतरतो ते पडद्यावर दाखवत होते. म्हणाले, "आपल्याच भागातलं एक कुटुंब बघू. अर्थात नावं नाहीत."

पडद्यावर वर्तुळं आणि चौकोन आले. वर एक काळं वर्तुळ. त्याखाली दोन काळी वर्तुळं, त्यातल्या एकाखाली लहान अक्षरं, विहिरीत पडून. खाली एक रिकामा चौकोन, शेजारी बाण लावलेलं काळं वर्तुळ. मला स्वतःला ओळखायला एवढा वेळ लागला की मी आधी मनात म्हटलं, बिचाऱ्या.

आणि त्या वर्तुळाखाली एकच वर्तुळ. त्यात प्रश्नचिन्ह नव्हतं.

ते वर्तुळ भरलेलं होतं की रिकामं, हे मी इथे लिहिणार नाही. वाईटच असेल असं धरू नका, चांगलंच असेल असंही धरू नका. ती माहिती माझी नाही. ज्या मुलीने दोन रेघा मारून सांगितलेलं की मला कळवू नका, तिला ते सत्तर लोकांत, हातात चहाचा कप असताना कळलं. एवढंच मी सांगू शकते.

तेजूने माझ्याकडे बघितलं नाही. कप खुर्चीखाली ठेवला. पाठीमागून दादाचा आवाज आला, "वंदू, हे आपलंच ना गं?" कुजबुजलाच तो, पण आमच्या रांगेतल्या दोन बायका वळल्या. तेजू उठली. सर बोलतच होते. तिने माझा दंड सोडला नाही, मला उभं केलं, हळूहळू दारापर्यंत नेलं, बाहेर रिक्षा थांबवली, मला आत बसवलं. स्वतः बसली नाही.

"तू जा. बाबांना फोन करते, ते खाली उतरून घेतील तुला."

"तेजू..."

"तू म्हणाली होतीस, नाव नसतं," ती म्हणाली. "आई, नाव लागतच नव्हतं."

नाव होतं का कुठे?

घरी पोचेपर्यंत दादाने पडद्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकलेला. खाली लिहिलेलं, सर्वांनी काळजी घ्या. मी फोन करून ओरडले, माझी जीभ वळत नव्हती तरी ओरडले. तो खरंच गोंधळला. "अगं, मी काळजीपोटी टाकलं. घरचेच आहेत ना सगळे?" त्याने फोटो डिलीट केला. तोवर चाळीस जणांनी बघितलेला. महाडपासून बदलापूरपर्यंत फोन सुरू झाले. ते काय म्हणाले तेही लिहीत नाही, त्यावरून कळेल.

तेजू आठवडाभरात नौपाड्यात एका मैत्रिणीकडे राहायला गेली. भांडण झालं नाही. बॅग भरली, माझ्या व्यायामाचा कागद फ्रीजवर नीट चिकटवला आणि गेली. मिस्टर माझ्याशी पंधरा दिवस कामापुरतं बोलत होते. एकदाच म्हणाले, "पोरगी नको म्हणत होती ना?"

मी सरांना फोन केला. माझा अजून विश्वास होता की ते हादरतील.

"ताई, नाव होतं का कुठे?" त्यांनी विचारलं.

"सर, ती समोर बसलेली."

"हो, पण बाकी कुणाला कसं कळणार? तुमचे भाऊ बोलले, त्याला मी काय करू? आणि खरं सांगू का, कळलं ते बरंच झालं. आज ना उद्या कळायलाच हवं."

"तिला नको होतं."

"ती लहान आहे. तुम्ही समजावा तिला. तुम्ही लॅबमधल्या आहात."

तेच वाक्य, तोच मायेचा आवाज. तेव्हा मला कळलं की पहिल्या वेळीही ते माझं कौतुक नव्हतं.

आणि आता एक कबुली. यानंतर दोन महिने मी काहीच केलं नाही. या आजाराचे डॉक्टर गल्लोगल्ली नसतात. सरांशी वाकडं घेतलं तर माझ्या तपासण्यांचं काय, फिजिओचं काय, पुढे गिळायला त्रास व्हायला लागला तर कुणाकडे जायचं? मी ठरलेल्या तारखेला त्यांच्या ओपीडीत गेले, बोट नाकाला लावून दाखवलं, सत्तावीस म्हटलं. त्यांनी तेजूचं नावही काढलं नाही. मीही नाही. बाहेर येऊन बाकावर बसले आणि स्वतःचीच शिसारी आली.

रक्त तिचं, तक्रार तिची

आमच्या लॅबमध्ये दर तीन महिन्यांनी शुगर तपासायला एक वकीलबाई येतात. कल्याण कोर्टात प्रॅक्टिस करतात. मी काउंटरवर होते. त्यांनी विचारलं, "हल्ली तुम्ही का नाही घेत रक्त? तुमचा हात हलका होता." आणि मी पावती फाडता फाडता सगळं सांगून टाकलं. मागे लाइन लागलेली. त्या म्हणाल्या, "दुपारी ऑफिसला या."

मला वाटलेलं, एखादं कलम असेल, ते लावलं की झालं. त्यांनी मान हलवली.

"आजाराच्या डीएनएसाठी असा एकच स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाहीये, ताई. मध्ये डीएनएवर विधेयक आलेलं, ते गुन्हेगार आणि बेपत्ता माणसं ओळखण्यासाठी होतं. तेही मागे घेतलं. आपल्याकडे तुकडे आहेत. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. पेशंटचं गुपित राखणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, मोडलं तर मेडिकल कौन्सिलकडे जाता येतं. संशोधनाला संमती लागते, आणि दिलेली संमती कधीही मागे घेता येते. प्रत्येक हॉस्पिटलच्या संशोधनावर नीतिसमिती असते, तिला उत्तर द्यावं लागतं. नवा डेटाचा कायदा आलाय, तो अजून पुरता रुळायचाय. हे तुकडे जोडायचे. आणि सगळ्यात आधी कागद मागायचे. लेखी मागितल्यावर तीन दिवसांत रेकॉर्डची प्रत द्यायला लागते त्यांना."

"मी आजच अर्ज करते," मी म्हटलं.

"तुमच्या रेकॉर्डसाठी करा. मुलीच्या नाही."

"मी आई आहे तिची."

"ती सज्ञान आहे. रक्त तिचं, तक्रार तिची. तिने तुम्हाला माझ्याकडे पाठवलंय का?"

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे तिला न विचारता तुम्ही तिची गोष्ट मला सांगितली," वकीलबाई म्हणाल्या. रागाने नाही, पण सांगितल्याशिवाय सोडलं नाही. "मी कुठे बोलणार नाही. पण आधी तिला विचारा."

त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट दिसलं की सरांनी केलं ते मी आधी केलेलं होतं. तिच्यासाठी चांगलं काय ते मीच ठरवलेलं.

तेजू मला ठाण्यात तलावाकाठी, तलावपाळीवर भेटली. दोन महिन्यांनी. मी काठी घेऊन गेलेले, तिने ती पहिल्यांदाच बघितली. आम्ही बाकावर बसलो. मी सगळं सांगितलं, वकिलांकडे जाऊन बोलले तेही.

"परत?" ती म्हणाली.

"हो. परत. चुकले."

तिने माझी काठी बाकाला नीट टेकवली. मग म्हणाली, "तुझी ट्रीटमेंट बंद करतील."

"करू देत."

"असं नको बोलूस. फिल्मी वाटतं. दुसरा डॉक्टर शोधून ठेव, मग मी अर्ज देते. आणि मी देणार, तू नाही. तू साक्षीदार."

मी नायरसारख्या पालिकेच्या आणि सरकारी मोठ्या हॉस्पिटलांची चौकशी सुरू केली आणि मुंबईतल्या एका सरकारी ओपीडीत नाव घातलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी माझी फाइल बघून विचारलं, "मुलीबद्दल मी काही विचारलेलं चालेल का?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी पान उलटलं. संपलं. इतकं सोपं असतं ते.

समिती

तेजूच्या फॉर्मची प्रत तीन दिवसांत आली नाही. दोन स्मरणपत्रं आणि वकीलबाईंची एक नोटीस गेल्यावर आली. चौथ्या पानावर खूण होती आणि खाली पेनाच्या दोन रेघा.

नीतिसमितीची बैठक हॉस्पिटलच्याच चौथ्या मजल्यावर होती. लांब टेबल, सहा माणसं. तेजू बोलली, मी फक्त विचारलं तेवढं सांगितलं. सर समोर बसलेले. त्यांनी मला बघून मान लववली, नेहमीसारखी. मला सवयीने नमस्कार करावासा वाटला. हात टेबलाखाली धरून ठेवले.

ते म्हणाले, ओळख उघड झालेली नाही. म्हणाले, मेळावा शैक्षणिक होता. समितीत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. नियमाप्रमाणे डॉक्टर नसलेली माणसंही घ्यावी लागतात, त्यातल्या. इतका वेळ त्या फॉर्मचं चौथं पान बघत होत्या.

"डॉक्टर, ही मुलगी हॉलमध्ये बसलेली आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तिने निकाल नको म्हटलंय, हे माहीत होतं?"

"फॉर्म बरेच असतात. पण... हो. आईने सांगितलेलं."

"हिचं रक्त तुलनेसाठी घेतलं होतं ना? नुसत्या नंबराखाली? मग तो नंबर घराण्याच्या चित्राला का जोडला?"

सर खरं बोलले. "घराण्याचं झाड अपूर्ण राहत होतं," ते म्हणाले.

मुख्याध्यापिकाबाईंनी ते वाक्य लिहून घेतलं, शब्द न बदलता.

निर्णय पत्राने आला. ते चित्र सगळीकडून काढायचं. आमच्या घराण्याचे नंबर आणि नावं यांची जोडणी नष्ट करायची. तेजूचा नमुना तिच्यासमोर नष्ट करायचा. सरांचा अभ्यास चौकशी होईपर्यंत थांबवायचा. त्यांनी लेखी माफी द्यायची. माफी तीन ओळींची होती आणि त्यात 'झालेल्या गैरसोयीबद्दल' असे शब्द होते. तेजूने ती परत पाठवली. दुसरी आली, ती बरी होती. मेडिकल कौन्सिलकडची तक्रार अजून चालू आहे, तारखा पडतात.

नमुना नष्ट करताना तिने मला बाहेर थांबायला सांगितलं. मी दाराबाहेर बसून राहिले. वीस मिनिटांनी ती सही केलेला कागद घेऊन आली. मी विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "ट्यूब गेली. मला माहीत झालेलं थोडंच गेलं?"

सध्या

माझी जीभ आता जास्त जड झालीय. फोनवर अनोळखी माणसं "हॅलो, हॅलो" करून ठेवून देतात. लॅब सोडली. सकाळी फरशीच्या रेघेवरून चालते, मिस्टर मागून हात पसरून येतात, झेल घ्यायला उभे असल्यासारखे. दादा मध्ये येऊन गेला. चहा घेतला, जाताना म्हणाला, "वंदू, मी आपल्याच माणसांना सांगितलं गं." त्याला अजून पटलेलं नाही. मी वाद घातला नाही, पण तेजू घरी असताना त्याला बोलावत नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर फॉर्म घरी आणा. सही करायची घाई तुम्हाला नसते, त्यांना असते. मराठीत मागा, देतात. तुमचं रक्त अभ्यासानंतर कुठे राहणार, किती दिवस, कुणाला देणार, हे विचारा आणि उत्तर लिहून घ्या. तुमचं घराणं कागदावर काढलं तर तो कागद कुठे कुठे जाणार ते विचारा. नाव नसलं तरी तुमची विहीर तुम्हाला ओळखता येते. आणि डॉक्टर चांगले आहेत म्हणून विचारायचं राहू देऊ नका. सर चांगलेच होते. माझ्या आईला त्यांनी खरं ठरवलं, हे मी अजूनही विसरलेले नाही. म्हणून तर जास्त लागतं.

आणि तुमच्या घरात कुणी म्हणालं की मला जाणून घ्यायचं नाही, तर ते उत्तर समजा. मी त्याला प्रश्न समजले.

हे सगळं लिहून झाल्यावर मी कागद तेजूसमोर ठेवले. ती आता दर रविवारी येते. म्हटलं, तू हो म्हटलंस तरच छापायला देते. तिने पेन घेऊन वाचलं, एक तास लागला तिला. तिच्या ऑफिसबद्दलची एक ओळ खोडली. मैत्रिणीचं नाव खोडलं. शेवटच्या पानावर मी लिहिलेलं, तेजूने मला माफ केलंय. ती तिथे थांबली.

"हे काढ," ती म्हणाली.

"का गं?"

"झालेलं नाहीये अजून. होईल तेव्हा मी सांगेन. तू माझ्याआधी लिहून टाकू नकोस."

मी ती ओळ काढली.